पहिल्या नंबरचं नाव

“याच्यात सगळ्यात आधी कोण उठतं, तेवढं सांगा,” सटवाजीरावांनी बैठकीतल्या कॉम्प्युटरकडं बोट केलं. “घरात विचारून राहिलेत. तुमी पुण्यात हेच काम करता म्हणे.”

विजयकुमारच्या कपाळाला आठी पडली. कनेरगाव नाक्याहून सेनगावला तो सटवाजीरावांची पोरगी बघायला आला होता, दुरुस्तीला न्हाई! पण हे सातवं स्थळ. आधीच्या साही जणींनी नकार कळवलेला. जीपमधून उतरताना त्याच्या आईनं, गोजरबाईनं, हात जोडले होते. “बाबा, आज तोंड आवर. हे मोडलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जायची न्हाई.” हा पठ्ठ्या असा, की पोरीचा बायोडाटा उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

“लिनक्स दिसतंय,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “मशीन चालू झालं की एक प्रोग्राम पहिला उठतो अन् बाकीच्यांना कामाला लावतो. तोच शोधायचा ना? एका मिनिटाचं काम.”

“शेतातल्या मोटारी याच्यावरच चालू-बंद होतेत,” सटवाजीराव कौतुकानं म्हणाले. मग आत तोंड करून, “बेबी, च्या आण गं.”

मिनिटाची वीस मिनिटं झाली. हल्ली सगळीकडं असतो तो सिस्टमडी, इथं नव्हता. मग जुना इनिट असेल; तोही नव्हता. घामानं शर्ट पाठीला चिकटला. च्याचा पत्ता न्हाई. शेवटी, एक नंबरला कोण बसलंय, हे त्यानं मशीनलाच विचारलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द उमटला : सृष्टी.

ह्या नावाचा प्रोग्राम त्यानं जन्मात ऐकला नव्हता. मोबाइलवर शोधलं, तर डोंगर अन् धबधब्यांची चित्रं निघाली. त्याचं डोकं भणभणायला लागलं.

“सापडलं का?” सटवाजीरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

झालं! “कुण्या गाढवानं बसवलंय हे?” त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. “काडीची अक्कल न्हाई त्याला! असल्याला आमी दारात उभं करत न्हाई.”

गोजरबाईनं त्याच्या दंडाला चिमटा काढला.

“काहून?” सटवाजीराव शांतपणे म्हणाले. “दोन वर्षं झाले, मोटारी तर बराबर चालून राहिल्या.”

“नशीब तुमचं. पुसून टाका सगळं. मी नवं टाकून देतो.”

तेवढ्यात दाराचा पडदा हलला अन् पोरगी ट्रे घेऊन बाहेर आली. कपातल्या च्यावर साय धरली होती.

गोजरबाईला हायसं वाटलं. नाव तिला पाठ होतं, पण रीत ती रीत. “ये गं बाई, बैस. काय नाव तुझं?”

पोरीनं ट्रे कीबोर्डशेजारी ठेवला.

“सृष्टी,” ती म्हणाली.