नाकातली शिट्टी

आमचे हे वारले आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली. जयेंद्रगंजातल्या डॉक्टरांनी श्वासाचा व्यायाम सांगितला. इतकी वर्षं मी श्वास काय उसना घेत होते? पण आमची सून गरिमा ऐकेल तर शपथ.

रोज दुपारी ती मला यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसवते आणि स्वतःही समोर बसून डोळे मिटते. "आई, साँस भरो. अब रोको. आता हळूच सोडा."

मी सोडते, आणि शेजारच्या खुर्चीतून बारीक शिट्टी येते.

तपकीर ओढून ओढून यांचं नाक अगदी तसंच वाजायचं. "गाडी कुठवर आली?" म्हणून मी जन्मभर टोमणे मारले.

गरिमाला मी काही बोलले नाही. सासूचं डोकं फिरलं, हे सुनेच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

आज ठरवलं, श्वास सोडायचाच नाही. बघू कोण वाजतं ते. छाती भरून घेतली आणि पदराने नाक-तोंड घट्ट दाबलं.

शिट्टी वाजली. लांब, निवांत.

"वाह, आई!" गरिमा डोळे मिटूनच म्हणाली. "आज किती शांत सोडलात! नाकातून शिट्टीसुद्धा वाजली."

मी अजून श्वास धरूनच होते.