सिलिंडरचा कॉक

घटस्फोटात आसेनमधलं घर टिनेकेला मिळालं, पण दिवाणखान्यातली दोन मीटर लांबीची माशांची टाकी हार्मेनचीच राहिली. ती हलवणं शक्य नव्हतं. म्हणून टाकीतल्या पाणवनस्पतींना कार्बन डायऑक्साइड देणारा सिलिंडर तपासायला तो दर शनिवारी यायचा. टिनेकेचा नवा जोडीदार ब्रॅम त्याच्यापुढे कॉफी आणि एक बिस्किट ठेवायचा.

"टाकीला हात लावायचा नाही. अक्कल लागते त्याला," कॉफीला न शिवता हार्मेन बजावायचा. आणि निघताना सिलिंडरचा कॉक गुपचूप जास्त उघडून जायचा. गॅस वाढला की मासे गुदमरतील आणि ब्रॅमनेच मारले म्हणून गावभर सांगता येईल. त्यासाठी स्वतःचे लाडके मासे गेले तरी त्याला चालणार होतं.

तीन महिने झाले, पण एकही मासा दगावला नाही. उलट पिल्लं झाली. शेवटी हार्मेनला राहवेना.

"काय करतोस रे तू माझ्या टाकीला?"

"काही नाही. तुम्ही गेलात की कॉक परत कमी करतो."

हार्मेनचा चेहरा लालबुंद झाला. "तुला काय कळतंय त्यातलं? कोणी शिकवलं हे?"

टिनेके स्वयंपाकघरातून बाहेर आली.


"मी. तू दाराबाहेर पडलास की काय नासवून गेलास ते आधी बघायचं, एवढं एकोणीस वर्षांच्या संसारात शिकले मी."