अध्यक्षांची खुर्ची

वाशीमच्या फ्रेंच मंडळाचा हा तिसरा सिनेमा. आधीचे दोन्ही अर्ध्यावर बंद करावे लागले होते, कारण सातला सभागृह सोडावं लागतं आणि अध्यक्ष नानाजी काही केल्या भाषण आवरत नाहीत.

मंडळ चालवणाऱ्या नमराने आजही रीतीप्रमाणे स्टेजच्या मधोमध त्यांची खुर्ची मांडली, शाल-श्रीफळ दिलं आणि म्हणाली, "दोनच शब्द बोला." नानाजींनी माइक धरला तो धरलाच. फ्रान्सवरून सोयाबीनवर आले, सोयाबीनवरून संस्कारांवर. तिने दोन चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांनी त्या चष्मा लावून वाचल्या आणि खिशात घातल्या. पावणेसहा वाजले, तशी ती तडक स्टेजवर चढली आणि सगळ्यांदेखत तिने त्यांच्या हातातला माइक काढून घेतला.

"बस झालं, नानाजी! लोक सिनेमा पाहाले आले. दर खेपेले काहून असं करता?"

नानाजी ओशाळून हळूच म्हणाले, "मी बी पाहालेच येतो, बेटा. पण पिक्चर सुरू झाला तरी तुमी मले इथंच बसवता, लोकायकडे तोंड करून. पडदा राहते माह्या पाठीमागं. म्हून बोलत राह्यतो. मांगच्या खेपेले सारे हासले, मी बी हासलो. कायले हासलो, ते कोणाले इचारू?"