दहाव्याचा लॅपटॉप

साडेनऊ वाजून गेले तरी कावळा पिंडाला शिवेना.

पवनेच्या काठावर परंदवडीचं अख्खं गाव जमलं होतं. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, पुढाऱ्यांच्या गाड्या धुरळा उडवत निघूनही गेल्या. समोरच्या बाभळीवर चांगले सहा-सात कावळे बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ! बावीस वर्षांचा स्वराज घराच्या स्लॅबवरून पडून गेला, त्याचा आज दहावा होता.

क्रिया चुलतभावानं, ओंकारनं धरली होती. बापानं पोराची क्रिया धरू नये, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं आणि महिपतीला ते बरंच वाटलं. तो मागं उभा राहून लोकांची तोंडं बघत होता. लोक कुजबुजायला लागले होते. ती कुजबुज त्याला सोसवत नव्हती.

"बहिनीचं लगीन थाटात करू रं स्वराज," चुलत्यानं हात जोडले. कावळे ढिम्म.

"तुज्या आईला आमी अंतर देणार न्हाई." ढिम्मच.

भटजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववूया का? ऊन वाढायला लागलंय."

"आजाबात न्हाई!" स्वराजचा मामा अंबाजी खेकसला. "पोराचं काय राह्यलंय त्ये बघा आदी. दाजी, तुमाला म्हाईत आसंल."

सगळ्यांच्या नजरा महिपतीकडं वळल्या. त्याची बायको सारिका तेवढी पिंडाकडं बघत बसली होती. दहा दिवसांत ती नवऱ्याशीच काय, कुणाशीच एक शब्द बोलली नव्हती. दुःखानं वाचा गेली बिचारीची, असं बायका म्हणत.

"लॅपटॉप," ओंकार म्हणाला. "गेमिंगचा. लोणावळ्यात बनवाया टाकला हुता त्यानं. काका नगं म्हनत हुते."

महिपतीच्या जिवात जीव आला. एवढंच ना! हे तर आणता येण्यासारखं होतं. एकदा कावळा शिवला की पोरगं मार्गी लागेल, आणि गावाची तोंडंही बंद होतील.

"मी घिऊन येतो. तवर कुनी हलू नगा," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावरच्या माडीत समर्थचं एका खोलीचं दुकान होतं. कंपनीचे तयार लॅपटॉप तो ठेवत नसे. गिऱ्हाइकानं एकेक भाग निवडायचा आणि समर्थनं तसं मशीन बांधून द्यायचं, असा त्याचा धंदा. महिपतीनं नाव सांगताच त्यानं कपाटातून खोकं काढलं.

"स्वराज नाही आला, काका? आठ दिवस फोन लावतोय, बंदच येतोय. मशीन केव्हाच तयार आहे."

"त्यो गेला," महिपती म्हणाला. "आज दहावा हाय."

समर्थनं खोकं टेबलावर ठेवलं. "कसा काय?"

"स्लॅबवर शेवाळ धरलंवतं. पाय घसरला."

"अहो, रविवारी संध्याकाळी तर बोललो आम्ही! स्लॅबवरच उभा होता. घरात रेंज येत नाही म्हणाला. रॅम अजून वाढवता येईल का, विचारत होता. मग म्हणाला, कुणीतरी वर येतंय, ठेवतो."

महिपतीनं खोक्यावरून हात फिरवला. "चार्जिंग हाय का ह्येला?"

"फुल आहे. उघडलं की आधी त्याचं नाव येतं. त्यानंच सांगितलं होतं तसं करायला." समर्थनं खोकं पुढं सरकवलं. "दर दोन दिवसांनी यायचा हो. काय घालायचं, काय नाही, सगळं त्यानंच ठरवलंय. फार हौशी पोरगा."

महिपतीनं डोळे पुसले. ते खरंच भरले होते, पोटचं पोर होतं ते. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता आणि महिनाभर तो पोराच्या अंगावर धावून जात होता. खेळायचं खूळ म्हणे! कामाला जा म्हटलं की तोंड फिरवायचा. आता ते सगळं आठवून काय उपयोग? त्यानं खोक्याची पिशवी गळ्यात अडकवली आणि वाटेत कुठंही न थांबता परत आला.

साडेअकरा वाजले होते, पण माणूस हललं नव्हतं. ओंकारनं लॅपटॉप पिंडाजवळ ठेवून उघडला. बटणं निळी उजळली, पडद्यावर स्वराजचं नाव आलं. बायकांमधून हुंदका फुटला.

महिपतीनं हात जोडले. "घे रं माज्या राजा. माजं चुकलं. तुला पायजे हुता तसाच आनलाय. आता सुखानं जा." बोलता बोलता तो ढसाढसा रडला. बघणाऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

एक कावळा खाली उतरला. सगळ्यांनी श्वास रोखले. कावळ्यानं दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून पडद्याकडं बघितलं आणि पुन्हा बाभळीवर जाऊन बसला.

महिपतीनं ओंकारकडं बघितलं. आता आणखी काय द्यायचं या पोराला?

तेवढ्यात सारिका उठली. बायका सावरायला धावल्या, तिनं त्यांचे हात बाजूला केले. ती लॅपटॉपला वळसा घालून पिंडापुढं आली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं पदर पसरला. दहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द निघाला. आवाज बारीकच होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"स्वराज, तुजा पाय घसरला न्हवता बाळा. मी जिन्यात हुते. तुला तुज्या बानं ढकललं, ह्या डोळ्यांनी बघितलं मी. आज हितनं उठले की घरला जात न्हाई. सरळ पोलीस ठाण्यात जाते आन् समदं सांगते."

ती पदर सावरून उभी राहायच्या आत बाभळीवरचे सगळे कावळे एकदम पिंडावर उतरले.