आडवी रेघ

"जुळलं," फाउस्तो म्हणाला आणि खुर्चीसकट त्याने एक गिरकी घेतली. "शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. नूबे, बघ तरी."

नूबेला बघायचं नव्हतं. राजधानी क्वितोहून नवा संगणक आला होता आणि पूर-कार्यालयाची रीत अशी, की पुराचा अंदाज काढणारा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर बांधला की आधी एका जुन्या दिवसाचं गणित त्याला घालायचं. जुन्या यंत्राचं उत्तर आलं तर सही, नाहीतर नाही. दिवस ठरलेला होता, गेल्या मार्चमधला चाकापाम्बाचा पूर, कारण चौकशी समितीने शिक्का मारलेलं उत्तर तेवढ्या एकाच दिवसाचं होतं. जुनं यंत्र त्या दिवशी म्हणालं होतं, धोका नाही. एकोणीस माणसं गेली. समितीने लिहिलं, एवढं पाणी आधी कुणालाच कळलं नसतं.

आणि तीन दिवस नवं यंत्र म्हणत होतं, अकरा वाजून दहा मिनिटांनी गाव रिकामं करा.

"पाणी येऊन गेल्यावर शहाणपणा कोणीही शिकवेल," असं म्हणत फाउस्तोने कम्पायलरला, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, द्यायच्या सूचना, ज्यांना हे लोक फ्लॅग म्हणतात, एकेक करून बदलून पाहिल्या होत्या. नूबे मनातल्या मनात एकच मागत होती, चूक नव्या यंत्राची निघू दे.

"केलंस काय?" तिने विचारलं.

"काही नाही. कंटाळून तुझ्या नावाने आत शिरलो आणि बांधलं. माझ्या नावाने जुळत नाही, तुझ्या नावाने जुळतं. यंत्रसुद्धा बाईमाणसाचंच ऐकतं."

नूबेला हसू आलं नाही. तिने स्वतःच्या खात्याची सेटिंग उघडली. तिथे दोन वर्षांपूर्वीची एक ओळ होती, तिनेच लिहिलेली. आकडेमोड भराभर कर, फार काटेकोर राहू नकोस, असं कम्पायलरला सांगणारा एक फ्लॅग. त्याने चाळीस मिनिटांचा अंदाज पंधरा मिनिटांत येऊ लागला, साहेबांनी केक मागवला होता. बांधणीच्या कागदावर तो लिहायचा राहून गेला. तिच्या नावाने जे जे बांधलं जाई, त्यात तो गुपचूप शिरत राहिला, जुन्या यंत्रावरच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा.

"मग हीच ओळ कागदावर घालू, सही करू, सुटलो," फाउस्तो म्हणाला.

तेवढ्यात दार वाजलं. महिन्याची पहिली तारीख, म्हणजे चाकापाम्बाचा म्हातारा सेगुंदो, ज्याला सगळे ताइता, म्हणजे बाबा, म्हणत. गावातला पाऊस तो हाताने मोजायचा आणि महिन्याची वही स्वतः आणून द्यायचा. त्याने हॅट काढली, खिशातली उकडलेल्या मक्याची पुडी टेबलावर ठेवली, शेजारी वही उघडली.

"इंजिनिअरबाई, हे दोन दिवस ताप होता, मोजलं नाही. शून्य नाही लिहिलं. आडवी रेघ मारली. तुम्हीच सांगितलं होतं ना, मोजलं नाही तिथे शून्य लिहायचं नाही."

नूबे त्या दोन रेघांकडे बघत राहिली. मग तिने पुराच्या दिवसाची नोंद काढली. वर पारामोच्या, म्हणजे उंच गवताळ डोंगराच्या, माथ्यावरचं पर्जन्यमापक यंत्र वीज पडून साडेनऊलाच बंद पडलं होतं. तिथून पुढे सगळं कोरं. प्रोग्रॅम प्रत्येक आकड्याला विचारायचा, तू कोरा आहेस का? कोरा असला तर शेजारच्या डोंगराचा पाऊस धरायचा. पण तिच्या फ्लॅगचा अर्थच असा होता, की कोरा आकडा कधी येणारच नाही असं धरून चाल. मग कम्पायलरने तो प्रश्नच काढून टाकला, आणि कोऱ्याचं पुढे शून्य झालं.

वर पाऊस नाही, घरातच थांबा, असं तिने फोनवर सांगितलं होतं. फोन ताइता सेगुंदोचा होता. तो धरणाच्या चौकीवरून बोलत होता, बायको झोइला घरी होती, गेलेल्या एकोणिसांतली एक.

"बाई," म्हातारा म्हणाला, दर महिन्याला म्हणायचा तसंच, "त्या दिवशी फोनवर आवाज नीट येत नव्हता का हो? मी जरा जोरात बोलायला हवं होतं."

दर महिन्याला ती म्हणायची, असू दे ताइता. आज तिच्याने तसं म्हणवेना.

"फोन चांगला होता. शब्दन्‌शब्द ऐकू आला मला."

"नूबे, गप्प बस," फाउस्तो हळूच म्हणाला.

"वर धो धो पडत होतं. यंत्र बंद पडलं होतं आणि आम्ही तिथे शून्य धरलं. ही ओळ, ताइता. मी लिहिली. ही नसती तर तुमच्या फोनच्या आधीच गावाला निरोप गेला असता."

म्हाताऱ्याने पडद्यावरची ओळ पाहिली. ती अक्षरं त्याच्या ओळखीची नव्हती. नूबेला वाटलं, आता हा ओरडेल. त्याने ओरडावं असं तिला फार वाटत होतं.

"मी काय म्हणालो होतो?"

"पाणी काळं झालंय. मातीचा वास येतोय. वर पाऊस आहे, गाव हलवू का?"

"किती वाजले होते?"

"बारा."

"पाणी तीनला आलं," तो म्हणाला. मग त्याने मक्याची पुडी तिच्याकडे सरकवली आणि हॅट डोक्यावर चढवली.

"म्हणजे मी नीट सांगितलं होतं. एवढं झोइलाला सांगून येतो."