गुरुवारचा दवाखाना

टेम्पो दारात लागला तरी दीपालीने कपाटाची किल्ली दिली नाही.

"उगाच वेळ काढू नका, सिस्टर," कमलेश म्हणाला. संस्थेच्या पालघर कार्यालयातून तो सातपाटीचा हा दवाखाना बंद करायला आला होता. "वर्षभराची नोंदवही बघा. एका गुरुवारी तीस बायका, पुढच्या गुरुवारी दोन. यांनाच गरज वाटत नाही, त्याला आपण काय करणार?"

अहवालातही त्याने हेच लिहिलं होतं. गुरुवार निवडला होता त्यानेच. त्या दिवशी बरेच लोक मासे खात नाहीत, म्हणजे मासळीवाल्या बायका रिकाम्या असणार! वेळ अकरा ते दोन. कार्यालयात सगळ्यांना हे फार पटलं होतं.

दीपालीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. सकाळपासून ती दारापर्यंत येरझारा घालत होती. जमनाबाईचं ब्लडप्रेशर मागच्या गुरुवारी एकशे नव्वद निघालं होतं. दिलेल्या गोळ्या काल संपल्या. साडेबारा वाजले तरी बाईचा पत्ता नव्हता. दीपालीच्या जिवाला चैन पडेना. शेवटी तिने मशीन आणि गोळ्या पिशवीत कोंबल्या आणि तडक बंदर गाठलं. किल्ली तिच्याच मुठीत, त्यामुळे कमलेशही नोंदवही बगलेत मारून धुसफुसत मागोमाग गेला.

धक्क्याला बोटी लागत होत्या. नोंदवहीतली सगळी नावं तिथे उभी होती. कुणी बर्फ फोडत होती, कुणी मासळी निवडत होती. जमनाबाई भरलेली टोपली उचलत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"गोळ्या संपल्या ना तुमच्या?" दीपाली ओरडलीच. "जीव नकोसा झालाय का?"

"आज पुनव हाय, बाय," जमनाबाई धापा टाकत म्हणाली. "भरती दुपारची. पानी चढल्याबिगर बोटी खाडीत येत नाय. मासली टाकून गोली मागाया येऊ? आठमीला दुपारी ओटी असते, पानी उतरलेलं, तवा येतोच ना आमी?"

दीपालीने तिला बर्फाच्या पेटीवर बसवून दंडाला पट्टा बांधला. दोनशे! गोळी देऊन तिने जमनाबाईला उठूच दिलं नाही.

कमलेशने नोंदवही उघडली आणि फोनवर तिथी काढल्या. रिकामा गुरुवार, पुनव. भरलेला गुरुवार, अष्टमी. पुन्हा रिकामा, अवस. पानं उलटताना त्याला स्वतःच्या अहवालाची लाज वाटू लागली.

"मावशी," तो पेटीजवळ बसत म्हणाला, "मग दवाखाना किती वाजता उघडू?"

जमनाबाईने खाडीच्या पाण्याकडे बोट दाखवलं. वर्षभरात हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

टेम्पो रिकामाच पालघरला गेला. दारावरच्या फळ्यावरचं 'अकरा ते दोन' कमलेशने तळहाताने पुसलं आणि लिहिलं: 'दर गुरुवारी, पाणी उतरल्यावर.'