ताणावरची लिंबोणी

लिंबोणीचं एकही पान गळलं नव्हतं. मनकर्णाबाई झाडाखाली उभ्या राहून वर बघत होत्या. त्यांचे यजमान छगनराव ओट्यावर उन्हाला बसले होते आणि बायकोची नजर चुकवत होते.

"खरं सांगा. पानी घातलं ना तुमी हिला?"

"न्हाई म्हनलं ना."

"मंग ही अशी हिरवीगार कशी? तुळशीचं लगीन झाल्यापासून थेंब दिला न्हाई मी."

"मला काय इचारती? तिलाच इचार."

मधल्या कमरेएवढ्या भिंतीच्या अलीकडे शेजारच्या लीनाताई गुलाबाच्या वाफ्यात खुरपं चालवत होत्या. सावेडीतले हे दोन बंगले एकमेकांना इतके लागून होते, की ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येई.

लिंबोणीला हिवाळ्यात ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडून गळतात. मग संक्रांतीच्या सुमारास भरपूर पाणी दिलं की फांद्या फुलांनी भरून जातात. ताण बसलाच नाही, तर झाड नुसतं पानांवर पोसतं. ही लिंबोणी दोन-तीन वर्षं तशीच पोसत होती.

मनकर्णाबाईंचा मुलगा हर्षल हेल्मेट घेऊन बाहेर आला.

"आई, कार लावायच्या जागेसाठी फरशीवाला सोमवारी येतोय. त्याच्या आधी झाड काढून घेऊ."

"फुलं येत्यात का बघू, अन् मंग काय ते कर, असं ठरलं हुतं आपलं."

"फुलं यायला आधी पानं गळावी लागतात, हे तूच सांगितलंस. एक तरी गळलं का? गाडी वर्षभर रस्त्यावर उभी आहे."

"घर तुझं, गाडी तुझी. झाड तेवढं माझं हाय."

हर्षलने आवाज चढवला नाही. "मग सांग ना, अजून थांबून काय होणार आहे?"

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं. स्कूटर फाटकाबाहेर गेली.

लीनाताईंनी मान वर करून पाहिलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि लिंबोणी नेमकी दक्षिणेला होती. तिची सावली दुपारपर्यंत गुलाबांवरून हलत नसे. दर जानेवारीत पुष्पप्रदर्शनात त्यांच्या फुलांना दुसरा क्रमांक मिळे. परीक्षक म्हणत, रंग छान आहे, पण फूल जरा लहान राहिलं. या वर्षी त्यांनी दिवाळीनंतर दिवस हिशेबात धरून छाटणी केली होती. आता प्रत्येक फुटव्यावर कळी होती.

सोमवारनंतर इथे ऊन येईल, असं त्यांच्या मनात आलं. विचार वाईट वाटला नाही.

खुरपं कशाला तरी अडकलं. लीनाताईंनी हाताने माती सारली. बोटाएवढं जाड, पिवळसर मूळ होतं. गुलाबाचं नव्हतं. ते भिंतीच्या पायाखालून येत होतं आणि पुढे त्यांच्या ठिबकच्या नळीखालच्या शेणखतात बारीक धाग्यांसारखं पसरलं होतं. धाग्यांची टोकं पांढरी आणि ओलसर होती. म्हणजे पाणी पीत होती. त्यांनी मुळाची साल नखाने खरवडली आणि नाकाशी धरली. लिंबाचा वास आला.

त्यांनी भिंतीपलीकडे एक नजर टाकली. मग माती परत मुळावर ओढली, तळहाताने दाबली आणि पुढच्या झाडाकडे सरकल्या.

पलीकडे मनकर्णाबाई अजून थांबल्या नव्हत्या. "आजपासून बादलीला हात लावायचा न्हाई. अन् माझ्याकडं च्या बी मागायचा न्हाई."

"बरं," छगनराव म्हणाले.

लीनाताईंनी खुरपं खाली ठेवलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"मावशी, काका पाणी घालत नाहीत. मी घालते."

मनकर्णाबाई भिंतीपाशी आल्या. लीनाताईंनी मघाची माती पुन्हा उकरली. मनकर्णाबाई भिंतीवरून ओणव्या होऊन बघू लागल्या.

"अगं बया. मी उपाशी ठिवते, अन् ही शेजारी जाऊन जेवून येती."

ओट्यावरून छगनराव म्हणाले, "आता च्या मिळंल का?"

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"तोडून टाका तुमच्याकडचं मूळ," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"एवढं जाड मूळ आत्ता तोडलं तर झाड दुखावेल. त्यापेक्षा माझं पाणी बंद करते. माती काळी आहे, सुकायला वेळ लागेल. हर्षलला मी सांगते, की ताण आजपासून धरायचा आणि फुलं येतात का ते कळेपर्यंत फरशीवाल्याला थांबवायचं."

"तुमचं सांगनं ऐकंल त्यो. पर गुलाबाचं काय? ऐन कळ्या धरल्यात की."

लीनाताई नळाशी गेल्या. ठिबकची चावी त्यांनी घट्ट फिरवली. नळीच्या भोकांतून थोडे थेंब पडत राहिले, मग तेही थांबले.

त्या घरात जाऊन कात्री घेऊन आल्या. पाणी तोडल्यावर गुलाबावर कळ्यांचा भार ठेवायचा नसतो. पहिल्या झाडापासून सुरुवात करून त्या एकेक कळी कापू लागल्या. हिरव्या आवरणातून रंगाची रेघही अजून दिसत नव्हती. कापलेली कळी त्या मातीत टाकत नव्हत्या. भिंतीवर ठेवत होत्या.

मनकर्णाबाई त्या कळ्या घ्यायला पुढे आल्या. पदर पसरून भिंतीशी उभ्या राहिल्या.